बिंदूच्या आधी रान

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून चित्राबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवायला हातात काही नाही. पण आजचं चित्र डोळे मिटूनही दिसेल. एक मोठा काळा गोल. बस्स.

हा सय्यद हैदर रझांचा बिंदू. त्याचा विषय निघाला की बोलणारे लगेच शून्य, ब्रह्म, पंचमहाभूतं इथवर जाऊन पोचतात. स्वतः रझाही त्या भाषेत बोलत, हे खरं. मला मात्र त्या काळ्यात आधी रान दिसतं.

रझांचा जन्म 1922चा, मंडला भागातल्या बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात नोकरीला. नागपूरकरांना हा मुलूख काही परका नाही. सिवनी ओलांडून पुढं गेलं की आलाच. मंडल्याला नर्मदेनं तीन बाजूंनी कवेत घेतलंय. तिथल्या रानातली रात्र लहानग्या रझाला फार भिववायची. गोंडांचा नाच सुरू झाला की तेवढाच धीर. आणि उजाडल्यावर, बाजाराच्या दिवशी, लख्ख उन्हात रंगच रंग! ही आठवण रझा म्हातारपणीही सांगत. काळ्याच्या कडेला लाल-पिवळं एवढं पेटलेलं का असतं, ते मला इथं कळतं.

शाळेत पोराचं चित्त थाऱ्यावर नसायचं. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस.

पुढं नागपूरची चित्रशाळा, मुंबईचं जे. जे., 1950मध्ये पॅरिस. फ्रान्समधली गावं, घरं, चर्च रंगवली. 1956मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला. तरी सत्तरच्या दशकात त्यांना आपलंच काम पुरेनासं झालं. भारताच्या फेऱ्या वाढल्या. अजिंठा-वेरूळ झालं, राजस्थान झालं. आणि शाळेच्या भिंतीवरचा तो ठिपका कॅनव्हासवर येऊन बसला.

1981चं ‘माँ’ हे चित्र मिळालं तर जरूर बघा. काळा बिंदू, भोवती तापलेल्या मातीचे रंग, आणि देवनागरीत एक हिंदी ओळ: आई, परत येईन तेव्हा काय आणू? झाड नाही, नदी नाही. पण पत्ता बरोबर मंडल्याचा.

रझा साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले. 2010च्या अखेरीस दिल्लीला परतले, 2016च्या जुलैत तिथंच गेले. दफन मात्र मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

नमस्कार.