ओडीसी: माल निघण्याआधीची वाट

(दृश्य: अरुंद रस्ता. दोन्ही कडेला गर्दी. मधोमध रस्ता भरून टाकणारा लोखंडी दंडगोल.)

१९ जुलै २०२०. तिरुवनंतपुरममध्ये ७४ चाकांचा एक ट्रेलर शिरतोय. त्यावर आहे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवकाशयानाचे भाग उष्णता आणि दाब देऊन पक्के करणारी भट्टी. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. महाराष्ट्रातून हा माल निघाला तो जुलै २०१९ मध्ये. एरवी ट्रक हे अंतर आठवड्याच्या आत कापतो. याला वर्ष लागलं. मध्ये टाळेबंदी आडवी आली, हे खरं. पण ती नसती तरी हा माल आठवड्यात पोचला नसता.

वाहतूक धंद्यात अशा मालाला सगळे ओडीसी म्हणतात, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल. कायद्याने गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत हवी, आणि २०१८ पासून मालासकट एकूण वजनाची कमाल मर्यादा ५५ टन. त्यापलीकडे खास परवानगी लागते. ती मागताना पहिला प्रश्न असतो: माल सुटा करता येतो का? येत असेल तर सुटा करून न्या. बॉयलरचा ड्रम, ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीचं पातं, असं जे कापता येत नाही, त्याच्यासाठीच ही वाट आहे.

(दृश्य: टेबलावर ट्रेलरचा आराखडा. प्रत्येक एक्सेलखाली टनांचे आकडे.)

राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. राज्यमार्गावर वळलात की सार्वजनिक बांधकाम विभाग. शहरात वाहतूक पोलीस. तारा आल्या की वीज कंपनी, फाटक आलं की रेल्वे. म्हणून अर्जाच्या आधी सर्व्हे. दोन माणसं जीप घेऊन अख्खा मार्ग फिरतात. पुलाची रुंदी मोजतात, वळणावर ट्रेलरचं शेपूट बसेल का ते पाहतात, बांबू उभा धरून तारेची उंची टिपून घेतात. या धंद्यात सगळ्यात मोलाचं काम हेच, असं आमचं मत आहे.

माल जड असेल तर गाठ पुलाशी. हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका लाइनला, म्हणजे एक्सेलच्या एका आडव्या रांगेला, आठ टायर असतात आणि त्या लाइनवर १८ टन भार मान्य आहे. तेलाच्या दाबाने वजन सगळ्या लाइनींवर सारखं वाटलं जातं. रस्ते-पुलांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत ३८५ टनांच्या खास वाहनाचा हिशेब दिलाय: एक पुलर, म्हणजे ओढणारी गाडी, आणि मागे २० लाइनींचा ट्रेलर. हे वाहन पुलावरून जाताना वेग ताशी ५ किलोमीटरच्या वर नको. चालायचं पुलाच्या मधोमध, मध्यरेषेपासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकायचं नाही. पुलावर दुसरी गाडी नको. आणि ब्रेक मारायचा नाही, कारण ब्रेकचा धक्का त्या हिशेबात धरलेलाच नाही.

(दृश्य: पुलावर रिकामा रस्ता. चाकांच्या बाजूने चालणारे हेल्पर, नजर टायरवर.)

माल उंच असेल तर गोष्ट वेगळी. ऑटोक्लेव्हचं वजन ७० टन, हायड्रॉलिक ट्रेलरला ते काहीच नाही. अडचण होती आकाराची. महामार्गावरच्या पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची सोडतात. साडेसात मीटरचा माल तिथून जाणं शक्यच नाही. मग सर्व्हिस रोड शोधा, गावातून वळसा घ्या. विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या फाटकाला तर ४.६७ मीटरवरच आडवी कमान असते. तिथे रेल्वेने गाड्या थांबवून तारेतली वीज बंद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गावात लाइनमनने शटडाऊन घ्यायचा, तार सोडवायची, माल पुढे काढायचा, तार पुन्हा जोडायची. तेवढा वेळ गाव अंधारात. काही दिवशी जेमतेम पाच किलोमीटर पदरात पडतात. आणि परवाना तर तारखांचा असतो! एका खात्याची तारीख हुकली की बाकीच्यांची जुळणीही बिघडते.

परवान्याविना निघालात तर जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. कोट्यवधींच्या यंत्रापुढे ही रक्कम किरकोळच. खरी किंमत कुठे मोजावी लागते, ते १० एप्रिल २०२२ ला दिसलं. भोपाळ-नागपूर महामार्गावर, इटारसीजवळ सुखतवा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल १३८ चाकांच्या ट्रेलरखाली कोसळला. अवजड यंत्र ट्रेलरसकट खाली गेलं, महामार्ग बंद पडला.

असे जुने पूल आपल्या रस्त्यांवर आजही वापरात आहेत. मोठा माल जायच्या आधी तिथे अभियंत्याने खाली उतरून बेअरिंग (पुलाचा वरचा भाग खांबावर जिथे टेकतो ते आधार), खांब, दगडी बांधकाम स्वतः पाहिलं पाहिजे. फक्त कागदावरच्या क्षमतेवर सही होऊ नये. या तपासणीचा खर्च माल मागवणाऱ्या कंपनीने निविदेतच धरावा, वाहतूकदाराच्या गळ्यात मारू नये. आणि पूल पेलत नाही असं अभियंत्याने लिहून दिलं, तर मार्ग बदलावा, मग वळसा शंभर किलोमीटरचा पडला तरी चालेल.