न पाहिलेल्या यंत्राची छायाचित्रे
(सोलापुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मान्यवर आणि विद्यार्थी मित्रहो,

बाजारात न आलेल्या संगणकाचे छायाचित्र म्हणून जे चित्र हातोहात फिरते, ते त्या संगणकाविषयी फारसे काही सांगत नाही. पाहणाऱ्यांना काय हवे आहे, ते मात्र नेमके सांगते. हे म्हणणे मी आज ॲपल कंपनीच्या आयमॅक या डेस्कटॉप संगणकाच्या आधाराने मांडणार आहे. १९९८ सालापासून या यंत्राच्या प्रत्येक नव्या रूपाआधी अटकळींना ऊत येत गेला आणि ‘हाच तो’ म्हणून बनावट चित्रे पुढे येत राहिली. त्यांतून आपल्याला यंत्राकडे बघायला शिकता येते, आणि माझा रस तेवढ्यापुरताच आहे.

पहिला आयमॅक ६ मे १९९८ रोजी जाहीर झाला. निळसर, अर्धपारदर्शक कवच आणि आत जुन्या टीव्हीसारखी जाडजूड पिक्चर ट्यूब. त्यानंतर २००० साली याच कंपनीने पॉवर मॅक जी फोर क्यूब हा स्फटिकासारख्या आवरणात ठेवलेला चौकोनी ठोकळा आणला. ही कंपनी आकाराच्या बाबतीत काहीही करू शकते, अशी लोकांची खात्री झाली आणि अटकळींना मोकळे रान मिळाले. २००१ पर्यंत चपटे पडदे आवाक्यात येऊ लागले होते, तेव्हा पुढचा आयमॅक चपट्या पडद्याचा असणार हे ओळखायला फार बुद्धी लागत नव्हती. प्रश्न होता तो उरलेल्या संगणकाचे काय करायचे, हा. सर्वांत सोपे उत्तर म्हणजे सगळे पडद्याच्या पाठीमागे कोंबायचे. ॲपलचे रचनाकार जॉनी आइव्ह यांच्या चमूनेही आधी तसाच नमुना केला होता आणि तो कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांना पटला नव्हता, ही हकीकत पुढे जाहीरपणे सांगितली गेली.

जानेवारी २००२ च्या पहिल्या आठवड्यात कंपनीनेच ‘अफवांच्या पलीकडे, फार पलीकडे’ अशा अर्थाची जाहिरात करून उत्सुकता ताणली. त्याच दिवसांत ‘आयवॉक’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या हातातल्या यंत्राची छायाचित्रेच नव्हे, तर चलचित्रेही फिरत होती. ६ जानेवारीच्या रात्री टाइम साप्ताहिकाच्या कॅनडातील आवृत्तीने नव्या आयमॅकवरचा आपला लेख वेळेआधीच प्रसिद्ध केला, आणि दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत जे यंत्र मंचावर आले, ते अटकळींतल्या कोणत्याही आकाराशी जुळणारे नव्हते. सुमारे २७ सेंटीमीटर व्यासाचा पांढरा अर्धगोल, त्यातून निघालेली स्टीलची मान आणि तिच्या टोकाला बोटाच्या धक्क्याने वरखाली होणारा १५ इंची पडदा. हा आकार हौसेखातर आलेला नव्हता. सीडी-डीव्हीडी चालवणारा डिस्क ड्राइव्ह आडवा राहिला तर चांगला चालतो, म्हणून तो खाली बैठकीत गेला. गरम हवा वर चढते, म्हणून ती बाहेर जाण्याची वाट अर्धगोलाच्या माथ्यावर ठेवली. पडदा हलका हवा, म्हणून त्याच्यावर दुसरे कशाचेही ओझे टाकले नाही. प्रत्येक भागाला त्याच्या स्वभावाप्रमाणे राहू द्यायचे, हे त्यामागचे सूत्र होते. बनावट चित्र काढणाऱ्याला यांतली एकही अडचण सोडवायची नसते, आणि म्हणूनच त्याला असा आकार सुचणेही अवघड असते.

मी स्वतः संगणक दुरुस्तीच्या कामातून या विषयाकडे आलो, त्यामुळे माझी नजर आधी हवेकडे जाते. आपल्या शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांना लागून असलेल्या कार्यालयांतल्या संगणकाचा एखादा कॅबिनेट तुम्ही उघडून पाहिला असेल, तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पात्यांमध्ये सुताची लव बसत जाते, वर्षभरात तिचा नमदा तयार होतो, पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत, बाहेरचा पारा चाळिशीपार असताना, यंत्र आपोआप बंद पडू लागते. तो नमदा चिमट्याने ओढला की अख्खा चौकोन उचलून येतो, त्याच्या खालच्या बाजूला पात्यांचे ठसे उमटलेले असतात. अशा यंत्रांमध्ये दिवस काढलेल्या माणसाला छिद्र नसलेल्या, गुळगुळीत, बंदिस्त संगणकाचे चित्र दाखवले, तर त्याचा पहिला प्रश्न असतो: यात हवा शिरते कुठून?

चादरीचे व्यापारी माझे म्हणणे चटकन ओळखतील. सोलापुरी म्हणून पुढे केलेल्या चादरीची नक्षी वरून कितीही हुबेहूब असली, तरी जाणता माणूस ती उलटून पाहतो, कारण जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली नक्षी मागच्या बाजूलाही रंग उलटून उमटलेली असते आणि नुसती छापलेली नक्षी मागे विरून जाते. यंत्राच्या चित्रालाही अशी मागची बाजू असते, आणि बनावट चित्रे ती बाजू सहसा दाखवत नाहीत.

या दृष्टीने २००४ चा उन्हाळा फार बोलका आहे. जुलैच्या सुरुवातीला कंपनीने जाहीर केले की जुन्या आयमॅकचा साठा संपत आला आहे आणि नवा सप्टेंबरमध्ये येईल. म्हणजे सुमारे दोन महिने दुकानात यंत्र नाही आणि डोळ्यांसमोर रूप नाही. अटकळीला याहून सुपीक जमीन कोणती? त्यात नव्या आयमॅकमध्ये अपेक्षित असलेला जी फाइव्ह हा मुख्य चिप उष्णतेबद्दल प्रसिद्ध होता. वर्षभरापूर्वी आलेल्या पॉवर मॅक जी फाइव्ह या मोठ्या संगणकात नऊ पंखे होते आणि जून २००४ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या सर्वांत वेगवान आवृत्तीला द्रवाने थंड ठेवावे लागत होते. जाणकार म्हणत होते की हा चिप पातळ शरीरात मावणार नाही. हौशी चित्रकार त्याला आयपॉडसारख्या गोंडस पांढऱ्या रूपात बसवत होते. ३१ ऑगस्टला पॅरिसमध्ये, जॉब्स शस्त्रक्रियेतून बरे होत असल्यामुळे कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी यंत्र सादर केले, आणि ते निघाले पडद्याच्या पाठीमागे सगळे सामावलेले, जेमतेम पाच सेंटीमीटर जाडीचे. म्हणजे २००२ मध्ये नाकारलेलीच कल्पना! मला या संपूर्ण इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चिपचा वेग १.६ आणि १.८ गिगाहर्ट्झपर्यंत आवरता घेतला, डिस्क उभी आत घेणारा सडपातळ ड्राइव्ह बसवला, हवा खालून घेऊन मागच्या लांबट फटीतून वर सोडली, आणि जे अडीच वर्षांपूर्वी जमत नव्हते ते जमले. जाणकारांची शंका मात्र बिनबुडाची नव्हती. या यंत्राच्या पहिल्या पिढीतील काही संचांत पडद्यावरच्या चित्राच्या आणि वीजपुरवठ्याच्या तक्रारी निघाल्या आणि कंपनीला वाढीव मुदतीची दुरुस्ती योजना द्यावी लागली.

चित्र तपासायचे कसे, हे आता प्रत्यक्ष पाहू. पडद्यावर दिसणारे चित्र माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनी सरावासाठी तयार केले आहे: २००४ सालातला, कडेला यूएसबीचे तोंड आणि डिस्कची फट असलेला एक अतिशय देखणा, कल्पित संगणक. यूएसबीच्या तोंडाची रुंदी प्रमाणित असते, सुमारे १२ मिलिमीटर. चित्रात ती २४ ठिपक्यांची (पिक्सेलची) आहे, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच पातळीवरची कडेची जाडी ४० ठिपके भरते, म्हणजे २० मिलिमीटर. त्या काळचा सडपातळ डिस्क ड्राइव्हच १२.७ मिलिमीटर जाडीचा असे. उरलेल्या सात मिलिमीटरमध्ये पडदा, त्यामागचे दिवे आणि कवच बसवायचे, तर त्या काळच्या डेस्कटॉप पडद्याचे नुसते पॅनेलही एक सेंटीमीटरहून जाड असे. शिवाय या सगळ्यात मदरबोर्ड ही मुख्य सर्किटची पाटी आणि एसएमपीएस हा वीजपुरवठ्याचा भाग यायचे आहेत, आणि चित्रात विजेची वायर कुठेच नाही. सावली, धूसरपणा, प्रकाशाचे परावर्तन या गोष्टी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने इतकी सफाईने करतात की केवळ त्यांवरून निकाल देणे धोक्याचे झाले आहे. मोजमापाचा हिशेब मात्र आजही तसाच लागू पडतो.

खोट्या चित्रांमुळे होणारे मोठे नुकसान खऱ्या बातमीचे होते. २८ डिसेंबर २००४ रोजी ॲपलविषयीच्या आतल्या बातम्या देणाऱ्या थिंक सीक्रेट या संकेतस्थळाने ॲपल ५०० डॉलरच्या आतला, पडदा नसलेला छोटा संगणक आणणार असल्याचे वृत्त दिले. त्यात देखण्या चित्राचा आधार नव्हता. किंमत, चिप आणि हेतू शब्दांत मांडला होता, आणि तो तर्काला धरून होता. ४ जानेवारीला कंपनीने त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला आणि ११ जानेवारीला ४९९ डॉलरचा, साडेसहा इंच लांबी-रुंदीचा आणि दोन इंच उंचीचा मॅक मिनी बाजारासाठी जाहीर झाला. बनावट चित्रांवर पोसलेल्या वाचकाला अशी खरी बातमी आणि बनावट चित्र या दोहोंत फरक करता येत नाही, तो दोन्ही सारख्याच कुतूहलाने पाहतो आणि सारख्याच सहजतेने विसरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांनी खरी माहिती शोधून आणली, त्यांना तीन वर्षे न्यायालयाचे हेलपाटे घालावे लागले; डिसेंबर २००७ मध्ये तडजोड झाली, ते संकेतस्थळ बंद पडले, आणि बातमी देणारा कोण होता, हे त्यांनी अखेरपर्यंत उघड केले नाही.