साडेचारशे लिटरची जोडी

(दृश्य: ह्यूरॉन सरोवराचा खडकाळ काठ. पाण्यावर बर्फाचे शेवटचे तुकडे. उघड्या गॅरेजमध्ये लाकडी घोड्यांवर टेकवलेलं छोटं विमान. चाकं काढलेली आहेत, पोटाखाली मोकळी जागा.)

निवेदन:

कॅनडातला ओंटारियो प्रांत. ह्यूरॉन सरोवराचा हा फाटा, जॉर्जियन बे. उन्हाळ्यात इथे घरापासून घरापर्यंत माणसं होडीनं जातात. काही जण विमानानंही जातात.

हे विमान घरीच बांधलेलं आहे. नाव झेनिथ स्टॉल सीएच ७०१. दोन माणसांचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, लहानशा जागेतून उठणारं. रचना क्रिस हाइन्झ यांची. फ्रान्समध्ये काँकॉर्डवर काम केलेला हा अभियंता पुढे कॅनडात आला आणि १९७४ पासून हौशी लोकांसाठी विमानं आखत राहिला. ७०१ हे १९८६ मधलं. त्यांची झेनएअर कंपनी याच उपसागराच्या काठी, मिडलंडमध्ये आहे.

घरी विमान बांधायचं म्हटलं की मराठी माणसाला कांदिवली आठवते. चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान उभं केलं, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईनं ते पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. पण ते चाकांचं विमान. इथे गॅरेजमध्ये चाकं काढून कोपऱ्यात ठेवली आहेत, आणि त्यांच्या जागी काय लावायचं याचा निर्णय व्हायचा आहे.

(दृश्य: टेबलावर कॅटलॉग, पेन्सिल, वजनकाट्याची चिठ्ठी.)

फ्लोट म्हणजे चाकांच्या जागी बसणारे, विमानाला पाण्यावर तरंगवणारे होडीसारखे पोकळ डबे. त्यांच्या बाजारात आकड्यांची भाषा चालते. ही भाषा रुळवली एडो या अमेरिकन कंपनीनं. अर्ल डॉज ऑस्बर्न या संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे एडो. सुरुवात १९२५ ची, न्यूयॉर्कमधली. चार्ल्स आणि अ‍ॅन लिंडबर्ग १९३१ मध्ये उत्तरेकडच्या वाटेनं जपान-चीनला गेले ते एडोच्याच फ्लोटवरून. पायपर कब या हलक्या विमानाला ‘एडो १३२०’ लागायचे, सुपर कबला ‘एडो २०००’. हा आकडा पौंडांत असतो: एक फ्लोट पूर्ण बुडवला तर किती वजनाचं गोडं पाणी बाजूला सारेल, तेवढा.

आता नवखा माणूस इथे हमखास एक हिशेब करतो. माझं विमान भरून ५०० किलो. फ्लोट दोन. म्हणजे प्रत्येकी अडीचशे किलोचा फ्लोट घेतला की झालं.

तेवढेच घेतले तर विमान तरंगेल, नाही असं नाही. पण फ्लोटची वरची फळी पाण्याच्या बरोबरीला येईल, आणि पहिली लाट तिच्यावरून जाईल.

अमेरिकेत प्रमाणित हलक्या विमानांच्या नियमावलीत अनेक वर्षं एक कलम होतं. प्रत्येक मुख्य फ्लोटनं आपल्या वाट्याच्या वजनापेक्षा ऐंशी टक्के जास्त भार गोड्या पाण्यात पेलला पाहिजे. प्रत्येक फ्लोटला निदान चार जलरोधक कप्पे हवेत, आणि कुठल्याही एका फ्लोटचे दोन कप्पे पाण्यानं भरले तरी विमान उलटता कामा नये. घरी बांधलेल्या विमानावर या कलमाची सक्ती नाही. तरी शहाणी माणसं ते पाळतात.

गणित अगदी सोपं आहे. पाचशेचे एकशे ऐंशी टक्के म्हणजे नऊशे. दोघांत वाटले की साडेचारशे किलो, म्हणजे तितकेच लिटर पाणी. म्हणजे विमानाच्या भरलेल्या वजनाला शून्य पूर्णांक नऊनं गुणलं की एका फ्लोटचा आकडा येतो. या विमानाला साडेचारशे लिटरचा एक, असे दोन फ्लोट हवेत. पौंडांत मोजायचं तर साधारण हजाराच्या आकड्याचे.

ही ऐंशी टक्क्यांची शिल्लक लागते कुठे? धक्क्याला लागताना बघा.

(दृश्य: धक्क्याजवळ आलेलं दुसरं एक विमान. इंजिन बंद. एक माणूस फ्लोटवर उतरतो आणि दोरी घेऊन पुढे जातो.)

फ्लोटच्या विमानाला ब्रेक नसतात. इंजिन सुरू झालं की ते निघालंच. म्हणून धक्का जवळ आला की इंजिन बंद करायचं, दार उघडून फ्लोटवर उतरायचं आणि दोरी टाकायची. त्या क्षणी ऐंशी किलोचा माणूस एका फ्लोटच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा असतो. सगळी शिल्लक त्या एका कोपऱ्यात खर्च होते. आणि उड्डाणाच्या वेळी पंखा वरून ओढतो, पाणी खालून अडवतं, त्यामुळे दोन्ही नाळा खाली दाबल्या जातात. फ्लोट लहान असेल तर नाळ पाण्यात घुसते. त्यापुढे काय होतं ते दाखवायला आमच्याकडे चित्रण नाही, आणि नसलेलंच बरं.

मग मोठेच घ्या की! दीड पट मोठे घेतले तर?

(दृश्य: वजनकाटा. त्यावर फ्लोटचे आडवे दांडे, तिरपे आधार, तारा.)

इथून खरी ओढाताण सुरू होते. ७०१ चं कमाल वजन ४९९ किलो. कारखान्याच्या कागदावर रिकामं विमान २६३ किलो. उरले २३६. या २३६ मध्ये माणसं, पेट्रोल, डबा, छत्री, सगळं आलं. गॅरेजमध्ये बांधलेलं विमान कागदापेक्षा थोडं जडच भरतं, पण आपण कागद खरा मानू.

समजा फ्लोटची जोडी, दांडे, तारा, पाण्यातली सुकाणं मिळून सत्तर किलो. काढलेली चाकं वीस किलोची. निव्वळ भर पन्नास. राहिले १८६. ऐंशी-ऐंशीची दोन माणसं बसली की उरतात २६ किलो. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे सुमारे ३६ लिटर. ताशी अठरा लिटर धरलं तर दोन तास. अर्धा तास राखीव ठेवला तर दीड. टाक्यांत ७६ लिटर मावतं, पण त्या काठोकाठ भरायचं सुख आता संपलं.

ही झाली साध्या फ्लोटची गोष्ट. ज्यांतून चाकंही बाहेर येतात अशा उभयचर फ्लोटचं वजन समजा आणखी चाळीस किलो. १८६ मधून चाळीस गेले, १४६ राहिले. दोन माणसं १६०. टाकी कोरडी ठेवली तरी चौदा किलो जास्त.

म्हणजे उभयचर फ्लोट घेतले की दुसऱ्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न काटाच सोडवून टाकतो.

हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. अमेरिकेच्या २००४ च्या हलक्या क्रीडा-विमानांच्या नियमात जमिनीवरच्या विमानाला १३२० पौंडांची मर्यादा होती, पाण्यावरच्याला १४३०. सरळ पन्नास किलोची सूट. पण कायद्यानं सूट दिली म्हणून पंखातला स्पार, म्हणजे भार पेलणारी मुख्य तुळई, जाड होत नाही. रचनाकारानं ४९९ म्हटलं असेल, तर ते ४९९ च.

(दृश्य: समुद्रकिनारा, गर्दी. मग पुन्हा गॅरेज.)

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर एक उभयचर विमान दाखवायला आणलं होतं, ते काहींना आठवत असेल. ते कोडियाक. साडेसातशे अश्वशक्तीचं टर्बाइन. त्याच्या पाठीवर चाकांचं ओझं म्हणजे हत्तीवर टोपली. इथे इंजिन ऐंशी ते शंभर अश्वशक्तीचं.

उभयचराचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते वजनाचं नाही. चाकं आत ठेवून धावपट्टीवर उतरलात तर फ्लोटचा कणा घासतो, रंग जातो, खिसा हलका होतो. चाकं बाहेर ठेवून पाण्यावर उतरलात तर चाकं पाण्यात अडकतात आणि विमान डोक्यावर पालथं होतं. म्हणून उभयचर चालवणारी माणसं उतरण्यापूर्वी मोठ्यानं बोलतात: पाण्यावर उतरतोय, चाकं वर. सोबत कोणी नसलं तरी बोलतात.

आमचं मत विचाराल तर या विमानाला साधे फ्लोट. विमान पाण्याच्या काठी राहतं. त्याला धावपट्टीचा सोस कशाला? हिवाळ्यात तसेही फ्लोट निघणार आणि चाकं किंवा घसरपट्ट्या लागणार.

(दृश्य: फ्लोट उलटा ठेवला आहे. कॅमेरा तळावरून हळूहळू सरकतो आणि मधल्या पायरीपाशी थांबतो.)

आता हा तळ नीट बघा. पुढून होडीसारखा, मधोमध कणा, आणि अर्ध्याच्या थोडं मागे ही अचानक कापलेली पायरी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलंय.

वेग वाढतो तसं पाणी तळाला चिकटून ओढत राहतं. पायरीपाशी ते सुटतं, मध्ये हवा शिरते. मागचा अर्धा भाग पाण्याबाहेर येतो आणि विमान फक्त पुढच्या भागावर घसरू लागतं. वैमानिक म्हणतात, विमान ‘स्टेपवर’ आलं. पण तिथे पोचण्याआधी एक चढ असतो. नाक वर, शेपूट खाली, पाण्याचा विरोध सर्वांत जास्त, आणि इंजिन जीव तोडून ओरडतंय. कमी ताकदीचं, जास्त भरलेलं विमान या चढावरच अडकतं. गरम दुपारी, वारा पडलेला असताना, आरशासारख्या पाण्यावर तर हमखास. तळ आणि पाणी एकमेकांना सोडत नाहीत. तेव्हा वैमानिक पंख किंचित कलवून आधी एक फ्लोट उचलतो, मग दुसरा.

२८ मार्च १९१० ला फ्रान्समध्ये मार्तिगजवळ ऑन्री फाब्र पाण्यावरून उडाला, जगात पहिल्यांदा. इंजिन पन्नास अश्वशक्तीचं. विमान चालवायचा आधीचा अनुभव शून्य. ऐंशी अश्वशक्तीला नावं ठेवताना एवढं ध्यानात असावं.

पायरी विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे यायला हवी. फार मागे गेली तर नाक उचलत नाही. फार पुढे आली तर विमान पाण्यावर डॉल्फिनसारखं वरखाली उसळायला लागतं. म्हणून जुने फ्लोट स्वस्तात मिळाले तरी त्यांचे आधार जसेच्या तसे बसत नाहीत. मापं नव्यानं काढावी लागतात, आणि ती रचनाकाराला विचारूनच. पाण्याचा तडाखा फ्लोटमधून थेट धडात जातो, तेव्हा तो कुठल्या जोडांनी घ्यायचा हे ज्यानं धड आखलं त्यालाच ठाऊक. फ्लोटची लांबलचक नाकं पुढे आल्यानं विमान हवेत तोंड फिरवू पाहतं, त्यासाठी अनेकदा शेपटीखाली एक छोटा पर जोडावा लागतो.

दोन फ्लोटमधलं अंतरही असंच महत्त्वाचं. ज्यांनी कोकणात उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचा ओंडका जोडलेली, होडी पाहिली आहे त्यांना आधार रुंद का हवा हे समजावायला नको.

(दृश्य: पाण्याखालून वर डोकावणारे गुलाबी-करडे ग्रॅनाइटचे खडक.)

राहिला प्रश्न कशाचे घ्यायचे याचा. इथे आम्ही कॅटलॉग मिटतो आणि पाण्याकडे बघतो.

जॉर्जियन बेचं पाणी गोडं आहे. म्हणजे गंजाची भीती कमी, अ‍ॅल्युमिनियम चालेल. मालवणला हाच प्रश्न आला असता तर उत्तर वेगळं झालं असतं. खाऱ्या पाण्यात प्रत्येक रिव्हेटभोवती पांढरी भुकटी धरते, आणि रोज संध्याकाळी विमान गोड्या पाण्यानं धुवावं लागतं. तिथे काचतंतूचे फ्लोट बरे.

पण इथे खडक आहेत. पाण्याखाली वीतभर, न दिसणारे. पत्रा खडकाला लागला की त्याला पोचा पडतो किंवा तो फाटतो. त्यावर फुल लोटस या कॅनडातल्याच कंपनीनं एक उत्तर काढलं होतं: हवा भरलेले, कापडी कातडीचे फ्लोट. आत वेगवेगळ्या पिशव्या. खडकाला टेकले तर दबतात आणि पुन्हा फुगतात. गवतावर उतरा, बर्फावर उतरा, चालतं. किंमत हवेत मोजायची: फुगीर असल्यानं विमान हळू जातं. आणि दिसायला, खरं सांगायचं तर, दोन भोपळे बांधून पोहायला निघाल्यासारखं.

या गॅरेजमध्ये शेवटी पत्र्याचे ठरले. पत्रा कापता, वाकवता, रिव्हेट मारता येतो. ज्यानं अख्खं विमान त्याच हातांनी बांधलं त्याला फ्लोटचं ठिगळ जड नाही.

(दृश्य: जून. पहाट. धक्क्याला बांधलेलं विमान, आता फ्लोटवर. एक माणूस गुडघ्यावर बसून हातपंप घेऊन कप्प्यांची झाकणं एकेक उघडतो.)

पत्र्याचा फ्लोट थोडा गळतोच. म्हणून उडण्याआधी रोज प्रत्येक कप्प्याचं रबरी बूच काढायचं, नळीत पंप लावायचा आणि पाणी उपसायचं. पंपाचे किती दट्टे मारावे लागले ते मोजायचे. आकडे वहीत लिहायचे.

उजवा फ्लोट: एक, शून्य, दोन, एक.

डावा फ्लोट, पहिला कप्पा: दोन. दुसरा कप्पा: अकरा. काल चार होते.

(दृश्य: माणूस वही मिटतो, धक्क्यावरची दोरी सोडतो आणि विमान हातानं ओढत उथळ वाळूकडे नेतो.)