रणगाड्याखालची दोरी

नमस्कार श्रोतेहो. आज मेजर रामा राघोबा राणे यांची आठवण काढायची आहे.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे हे राणे. जन्म २६ जून १९१८चा. वडील पोलिसात शिपाई, बदलीची नोकरी. दर बदलीला पोरांची शाळा बदलते, हे तुम्हाला सांगायला नको. १९४० साली राणे लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर्स या दलात साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डिसेंबर १९४७मध्ये अधिकारी झाले. खालून वर आलेले अधिकारी, हे लक्षात ठेवा. कारण पुढे जी गोष्ट सांगणार आहे, तिथे हा साहेब रस्त्यावर पालथा पडून हातांनी माती चाचपतो.

एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमधली राजौरी पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या ताब्यात. नौशेऱ्याहून आपले रणगाडे तिकडे निघालेले, पण रस्ता कुठे होता? मोऱ्या उडवलेल्या, चिडाची झाडं आडवी टाकलेली आणि जमिनीत सुरुंग. रस्ता मोकळा करायचं काम राण्यांच्या तुकडीकडे. ८ तारखेला कामाला हात घालतात तोच तोफगोळे पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. तरी तुकडी पुन्हा उभी केली आणि कामाला लागले.

आता समोर सुरुंग आणि वरून मशीनगनचा मारा. उभं राहिलं की गोळी लागणार. मग राणे सरळ रणगाड्याच्या पोटाखाली शिरले! वरच्या चालकाला हाक ऐकू जाणार नाही, म्हणून दोरी बांधली. दोरीच्या एका खुणेला थांब, दुसऱ्या खुणेला चल. राणे सरपटत पुढची माती चाचपायचे, सुरुंग काढायचे, दोरी ओढायचे, की तेवढाच रणगाडा पुढे. पुन्हा चाचपायचं, पुन्हा दोरी.

विहिरीचा गाळ काढायला आत उतरलेला माणूस दोराला हिसका देतो आणि काठावरचा समजून जातो. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हे पाहिलं असेल. काठावरच्याचं लक्ष दोरावरून हललं की खालच्याचा जीव गेला. तर तसाच तो चालक. त्याच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये आपला साहेब पालथा आहे, हे त्याला ठाऊक होतं. राण्यांना या कामगिरीसाठी पुढे पदक मिळालं, त्याच्या मानपत्रात या चालकाचं नाव नाही. मला मात्र दर वेळी तो आठवतो.

९ तारखेला संध्याकाळी सव्वासहाला, अंधार पडता पडता, पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग. रात्री थांबावं लागलं. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरुवात आणि साडेसहाला ती वाट मोकळी! ११ तारखेला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत रस्ता झाला, तरी हा माणूस रात्री दहापर्यंत राबतच होता. आपल्या फौजा राजौरीत शिरल्या त्या १२ तारखेला. दोरी विसरू नका, श्रोतेहो. त्या दोरीवर रणगाडे पुढे गेले.

या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. हयातीत ते मिळालेले ते पहिले वीर. त्या पदकाचं रूप सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलेलं. जन्माने युरोपच्या, पण मराठी फौजी अधिकाऱ्याचा संसार केलेल्या.

पदक मिळालं की आपली पुस्तकं गोष्ट संपवतात. हे चूक आहे. राणे त्यानंतर चाळीसच्या वर वर्षं जगले. १९५५ साली लग्न झालं, मुलंबाळं झाली. आता बदल्या त्यांच्या स्वतःच्या. काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि पलटण, शाळेचे दाखले जपून ठेवलेली पिशवी. फौजी घरात वाढलेल्यांना हे सगळं डोळ्यांसमोर येईल. ते १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले, पण पुन्हा काही काळ सेवेत होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात गेले.

कारवारच्या समुद्रकिनाऱ्याजवळ त्यांचा पुतळा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्यापर्यंत जाताच, तिथून कारवार किती लांब आहे? पोरांना घेऊन जा. पुतळ्यापाशी उभं करा आणि त्यांना दोरीची गोष्ट सांगा.

नमस्कार.