चवदार तळ्यापासून कौन्सिल हॉलपर्यंत : सुरबानाना टिपणीस

[दृश्य : २० मार्च, महाड. तळ्याच्या पायऱ्या, गर्दी, निळे झेंडे]

दर वर्षी वीस मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. पोराबाळांना घेऊन माणसं येतात, पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. या तळ्याच्या गोष्टीत एका नगराध्यक्षाचं नाव आहे, आणि ते हवं तेवढं घेतलं जात नाही. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, लोकांचे सुरबानाना. घर कायस्थ प्रभूंचं. त्यांना स्वतःला या तळ्यावर कुणी अडवणार नव्हतं.

सुरुवात कायदेमंडळातच झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. आता अंमल करायचा तो गावोगावच्या पालिकांनी. टाळणाऱ्यांना टाळता येत होतं. इतकं, की १९२६ साली बोल्यांना पुन्हा ठराव आणावा लागला : अंमल न करणाऱ्या संस्थांचं अनुदान थांबवा.

महाड पालिकेनं वाट पाहिली नव्हती. जानेवारी १९२४ मध्येच तिनं ठराव केला, चवदार तळं सर्वांना खुलं.

[दृश्य : तळ्याचं पाणी, जवळून]

तरी तीन वर्षं या पाण्याला अस्पृश्याची ओंजळ लागली नाही. गुरं येत होती, इतर धर्मांची माणसं पाणी भरत होती. पण ठराव वाचून पायरी उतरायची, तर मार खायची तयारी हवी होती. गावाचा धाक पालिकेच्या शिक्क्याहून मोठा होता.

मार्च १९२७ मध्ये रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, संभाजी गायकवाड आणि सुरबानाना यांच्या खटपटीतून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद इथे भरली, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली. गावाच्या मधोमध भरलेलं तळं, आणि परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं! वीस तारखेला मिरवणूक तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी घेतलं, मग हजारोंनी.

[दृश्य : परतणारी गर्दी, महाडचा रस्ता]

परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये पालिकेनं आपलाच ठराव रद्द केला, डिसेंबरात प्रकरण कोर्टात गेलं. तळं खासगी आहे, असा सनातन्यांचा दावा होता. जिथं नगराध्यक्षानं शब्द दिला, त्याच पालिकेत बहुमत फिरलं. सुरबानाना मात्र फिरले नाहीत, आणि आमच्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं मोल इथं आहे.

[दृश्य : मुंबई, राज्य पोलीस मुख्यालयाची दगडी इमारत]

आज इथं राज्याचं पोलीस मुख्यालय आहे. १९२८ पासून ही वास्तू कायदेमंडळाची होती, कौन्सिल हॉल. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत महाडचे नगराध्यक्ष म्हणून ओळखले गेलेले टिपणीस त्या पक्षाचे आमदार म्हणून मुंबई विधानसभेत आले. तळ्याच्या लढ्यातले सोबती चित्रेही निवडून आले. याच वर्षी मार्चमध्ये हायकोर्टाचा निकाल लागला : अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही.

कोकणातून आलेल्या या आमदारांपुढे आता खोती होती, तिथली जमिनीच्या वसुलीची जुनी पद्धत. कुळानं राबायचं, खोतानं वसूल करायचं, आणि कुळाच्या हाती हक्काचा कागद नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, सुरबानानांचा पक्ष त्यामागे उभा होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईत मोर्चा घेऊन आले. विधेयक मंजूर झालं नाही.

[दृश्य : कोकणातली भातशेती, बांधावरून चालणारी बाई]

सुरबानाना पुढे ‘दलितमित्र’ म्हणून ओळखले गेले. खोती कायद्यानं संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं.