क्वारचं ऊन आणि औषधाची वेळ

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस उघडला आहे. पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि अकरा वाजता इंदूरच्या सियागंज बाजारात हातगाड्यांच्या गर्दीत उभं राहिलं तर ऊन टाळूला टोचतं. दिवसा पारा ३२-३३ अंशांपर्यंत आणि पहाटे १८-२० च्या घरात. माळव्यात याला क्वारचं ऊन म्हणतात. क्वार म्हणजे आपला आश्विन. या दिवसांत घरोघरी एकाच जातीच्या तक्रारी ऐकू येतात. डोळ्यांची आग, आंबट ढेकरा, तोंड येणं, तळपाय जळणं, अंगावर गांधी उठणं. आणि त्याच घरांत गॅसवर आलं, मिरी, दालचिनी, लवंग घातलेला काढा उकळत असतो. श्रावणात सुरू केलेला आणि थांबवायचा राहून गेलेला.

काढ्यातलं एकही द्रव्य वाईट नाही, वेळ मात्र टळून गेली आहे. श्रावण-भाद्रपदात हवा ओली, भूक मंद, म्हणून सुंठ-मिरीचा आधार लागतो. पण त्याच दिवसांत अंगात पित्त साठत असतं. ढग सरून एकदम कडक ऊन पडलं की ते साठलेलं पित्त उसळतं. अशा वेळी मिरीचा काढा घेणं म्हणजे पेटत्या चुलीत आणखी लाकूड सारणं.

मग आजपासून काढा बंद? तसंही करू नका. सरणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. जुनं हळूहळू सोडायचं आणि नवं हळूहळू धरायचं, असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी सांगितलं आहे. घरात हे सोपं आहे. मिरी-सुंठेचं नेहमीचं प्रमाण पहिले तीन-चार दिवस पाऊण करा, मग अर्धं, मग पाव, मग बंद. सवय एकदम तोडली की पोट बिघडतं, सर्दी होते, आणि माणूस म्हणतो, बघा, काढा सोडला म्हणून आजारी पडलो.

इथे इंदूरच्या मराठी घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपलं पंचांग अमावस्येला महिना संपवतं, इथलं हिंदी पंचांग पौर्णिमेला. त्यामुळे आपल्याकडे भाद्रपदाचा पितृपंधरवडा चालू असतो तेव्हाच शेजारच्या हिंदी घरात क्वार लागलेला असतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्तिक सुरू होतो, आपला थेट दिवाळीच्या पाडव्याला. फरक पंधरा दिवसांचा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या ऋतुसंधीचा. जडीबुटीवाल्यानं किंवा माळ्यानं ‘कातिक में लेना’ असं सांगितलं तर कुठला कार्तिक ते विचारून घ्या. आणि दोन्ही पंचांगांपेक्षा बाहेर बघा. नाल्याकाठी कास गवत पांढरं फुललं, गवतावर दव पडू लागलं, डबक्यातला गढूळपणा खाली बसून पाणी स्वच्छ दिसू लागलं की शरद आला.

आता या ऋतूतलं सगळ्यात साधं औषध. धण्यांचा हिम. हिम म्हणजे न उकळता, रात्रभर थंड पाण्यात भिजवून काढलेला अर्क. वीस ग्रॅम धणे घ्या, साधारण चार सपाट मोठे चमचे. आधी निवडून एकदा पाण्यातून काढा, कारण धण्यांत धूळ आणि काड्या फार असतात. मग खलबत्त्यात एवढेच कुटा की प्रत्येक दाण्याचे दोन तुकडे व्हावेत. मिक्सरमध्ये पूड केलीत तर दोन नुकसानं होतात. वास तिथेच उडून जातो, आणि सकाळी गाळताना फडक्यातून चोथा उतरून घशाला खवखवतो. कुटलेल्या धण्यांवर सहापट, म्हणजे १२० मिलिलिटर पाणी घाला. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी हातानं चांगलं कुस्करा, फडक्यातून पिळून गाळा. फिकट सोनेरी रंगाचं, मंद वासाचं नव्वद-शंभर मिलिलिटर पाणी मिळेल. त्यात चमचाभर खडीसाखर विरघळवून सावकाश प्या. मधुमेह असेल तर साखर नको. ही एका माणसाची एका वेळची मात्रा. उरलेलं दुपारसाठी ठेवू नका, या उकाड्यात ते आंबतं. आणि धणे उकळले तर ते हिम राहत नाही, त्याचा काढा होतो. गुण थंडाव्याचा हवा असेल तर आच लावायची नाही.

हा हिम अंगातली आग आणि तहान यांवर आहे. सर्दी, खोकला, सांधेदुखी असेल त्यांनी घेऊ नये. मधेच परतीचा पाऊस झोडपून गेला आणि हवा गार झाली तर दोन दिवस थांबवा. दिवाळीनंतर थंडी पडली की याचं काम संपलं.

दुसरं औषध हिरडा. तो बारा महिने घेता येतो, पण जोडीदार बदलून. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठेबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, उन्हाळ्यात गुळाबरोबर. सियागंजात हिरडा मागू नका, ‘हर्र’ किंवा ‘हरड’ म्हणा. दुकानदार विचारेल, छोटी का बडी? छोटी म्हणजे बाळहिरडा, कोवळेपणीच गळलेलं, काळं, बिनबियांचं फळ. आपल्याला बडी हवी, सुरवारी हिरडा. मूठभर घेऊन पाण्यात टाका. जो बुडतो तो चांगला. तरंगतो तो पोकळ किंवा किडका. आतली आठोळी काढून टाका, वरचाच गर दळा. तीन ग्रॅम चूर्ण, तितकीच साखर, रात्री कोमट पाण्याबरोबर. गरोदर स्त्री, खूप कृश किंवा उपवासानं थकलेला माणूस, आणि ज्याचं पित्त मुळातच फार वाढलेलं आहे, त्यांनी हिरड्याच्या वाटेला जाऊ नये. नवरात्राचे नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी तर उपास संपेपर्यंत नाहीच.

जशी घ्यायची वेळ, तशी तोडायचीही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात हे नेमकं सांगितलं आहे. नवी पालवी आणि कोवळ्या फांद्या वर्षा आणि वसंतात, मुळं ग्रीष्मात किंवा पानगळीनंतर शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात, फुलं-फळं आपापल्या मोसमात. यामागचा विचार झाडाच्या कोठाराचा आहे. झाड आपला साठा ज्या काळात ज्या भागात ठेवतं, त्या काळात तो भाग औषधाला भरलेला असतो.

गुळवेल घ्या. इंदूरमध्ये ती गिलोय, कडुनिंबावर चढलेली असली तर नीमगिलोय. पावसाळ्यात तिची हृदयाच्या आकाराची पानं कुंपणभर पसरतात आणि लोक तेव्हाच तोडायला धावतात. पण त्या वेळी वेलाची ताकद पानांत खर्च होत असते, खोड पाणचट असतं. चैत्र-वैशाखात पानं गळतात, उघडा दोर तेवढा लोंबत राहतो, आणि तेव्हा खोडात पिठूळ सत्त्व भरलेलं असतं. ते काढायचं तर मे महिन्यात अंगठ्याएवढं जाड एक किलो खोड घ्या. वरचा कागदासारखा पापुद्रा नखानं खरवडून काढा. तो राहिला तर सत्त्व मळकट होतं. बोटभर तुकडे करून ठेचा, चौपट पाण्यात संध्याकाळी भिजवा. पहाटे उन्हं चढायच्या आत हातानं खूप चोळा, पाणी फेसाळतं. चोथा पिळून काढा, पाणी गाळा आणि चार-पाच तास अजिबात न हलवता ठेवा. वरची हिरवट निवळी हलक्या हातानं ओतून टाका, तळाशी पांढरा थर दिसेल. नवं पाणी घालून पुन्हा एकदा बसू द्या. तो थर ताटलीत पसरून वाळवा. किलोभर वेलीतून दहा ते तीस ग्रॅम सत्त्व निघतं, जास्त नाही. म्हणून बाजारात स्वस्त सत्त्व दिसलं की जपून राहा, त्यात दुसरं पिठूळ मिसळणं सोपं असतं. भिजवलेलं दुपारपर्यंत राहिलं तर मे महिन्याच्या उष्म्यात आंबतं, वास आला की ते फेकायचं.

गुळवेलीची ओळख पक्की हवी. हिचं खोड हिरवट, वर पातळ सुटा पापुद्रा, आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. हिचीच एक बहीण आहे, तिच्या खोडावर दाट टोकदार गाठी असतात. ती वापरायची नाही. कोरोनाच्या काळात महिनोन् महिने रोज गुळवेल घेणाऱ्या काही लोकांचं यकृत बिघडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. यकृताचा आजार, आमवातासारखा स्वप्रतिकारक आजार (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते), मधुमेहाच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि हा डेंग्यूचा मोसम आहे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा, गुळवेलीवर भिस्त ठेवून बसू नका.

सालीबद्दल एकच सांगते, ते झाडांसाठी. शरदात अर्जुनाची साल काढतात. फांदीवरून उभा पट्टा काढा, खोडाला गोल कडं करून कधीच नाही. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. कडं काढलं की मुळं उपाशी राहतात आणि अख्खं झाड वाळतं.

अडुळसा मात्र आत्ता हाताशी आहे, खोकल्याला उपयोगी आणि गुणानं थंड. याची पानं नुसती वाटली तर रस जेमतेम निघतो, म्हणून लोक पाणी घालतात आणि मात्रा बिघडते. आठ-दहा पिकत आलेली पानं धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. मऊ पडली की ठेचून पिळा. दहा मिलिलिटर रस, एक चमचा मध. गरोदरपणात अडुळसा घ्यायचा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही.

ताजं आणि सुकं यांच्या मापाचा गोंधळही नेहमी होतो. सर्वसाधारण नियम असा की सुक्याच्या दुप्पट ओलं घ्यावं. पण गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा अशा काही वनस्पती ओल्याच वापरायला सांगितल्या आहेत, आणि त्यांचं माप दुप्पट करायचं नाही. काढ्याचं पाणीही द्रव्य बघून घ्यायचं: ओल्या मऊ द्रव्याला चौपट, मध्यमाला आठपट, टणक मुळा-सालींना सोळापट. मंद आचेवर, उघड्या भांड्यात, चौथाई उरेपर्यंत. भरड घ्या, बारीक पूड घेतली तर ती तळाला लागते आणि काढा करपट होतो. तुळस, दालचिनी, वेलदोडा अशी वासाची द्रव्यं मात्र कधी उकळू नयेत. गॅस बंद करून त्यात टाका, पाच मिनिटं झाका. त्यांचा गुण वासात आहे, आणि तो वाफेबरोबर निघून जातो.

पानं वाळवायला आश्विन चांगला, भाद्रपद वाईट. भाद्रपदात वरून सुकलेलं पान देठाशी ओलं राहतं आणि आठवड्यात डब्यात बुरशी धरतं. सावलीत, सुती कापडावर, एकावर एक न चढवता पसरा आणि दिवसातून दोनदा परता. देठ वाकवल्यावर कट्कन मोडलं म्हणजे झालं. अख्खं औषध नीट ठेवलं तर वर्षभर चालतं, चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य, म्हणजे कमजोर, होतं असं शार्ङ्गधरसंहितेत आहे. तेव्हा किलोभर चूर्ण करून ठेवण्यात अर्थ नाही. अख्खं ठेवा, महिन्यापुरतं कुटा, बरणीवर महिना लिहा.

खाण्याकडे वळू. शरदात दही, तळण, खारं, दुपारची झोप आणि पोट फुटेस्तोवर जेवण ही पाच टाळा. जुना तांदूळ, मूग, पडवळ, कारलं, दुधी, साजूक तूप आणि आवळा हे चालतं. रात्री अकरानंतर सराफ्याच्या खाऊबाजारात दहीवडा खाणं या महिन्यात तरी सोडा. इंदूरची जीभ मुळात ऋतू ओळखते. भुट्ट्याचा कीस पावसात, गराडू थंडीत. आश्विनात तळलेला गराडू कुणी मागत नाही, कारण तो कंद आणि त्यावरचं तेल पचवायला हेमंतातली भूक लागते. मार्गशीर्ष येऊ द्या, मग जरूर खा.

आवळ्याची घाई मात्र हमखास होते. आवळ्याचं झाड चैत्राच्या सुमारास फुलतं, पण धरलेलं फळ उन्हाळाभर निजून राहतं आणि पावसाळ्यात वाढू लागतं. आवळेनवमीला, कार्तिक शुद्ध नवमीला, झाडाखाली जेवायला बसाल तेव्हा फळं मोठी दिसतील, पण हिरवीगार आणि तुरट. पूजेपुरती दोन-चार तोडा. मोरावळ्यासाठी पौष-माघापर्यंत थांबा. साल पिवळसर, जरा पारदर्शक झाली आणि फळावरच्या सहा रेषा स्पष्ट दिसू लागल्या की तोडा, हातानं, एकेक करून. काठीनं झोडलेला आवळा ज्या जागी आपटतो तिथे काळा पडतो, आणि बरणीत सगळ्यात आधी तोच नासतो.

नमस्कार.