बेचक्यापासून टाचेपर्यंत: गोव्याच्या हवेत पाय सांभाळताना

(पावसाळ्याच्या तोंडावर फोंडा येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बसल्या जागी उजव्या पायातली चप्पल काढा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हाताने फाकवून मधल्या बेचक्यात बघा. वाकता येत नसेल तर शेजाऱ्याला बघायला सांगा, लाजू नका. तिथली कातडी कोरडी आणि बाकीच्या पायाच्याच रंगाची असेल तर छान. पांढरी, फुगलेली, ओलसर दिसली, बोट फिरवल्यावर सालपट निघालं, तर त्या चिखल्या आहेत. आज खाज आहे, उद्या वास येईल, परवा चीर पडेल. त्या चिरेतून काय काय आत शिरतं हे कळलं की पायांची निम्मी काळजी आपोआप घेतली जाते.

नेमकं हेच बेचकं का? कारण ही दोन बोटं एकमेकांना सगळ्यांत घट्ट चिकटलेली असतात, तिथे वारा लागत नाही. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कातडीचा वरचा थर पाणी शोषून मऊ पडतो, मग बुरशी येते आणि बुरशीने भेग पाडली की जंतू. म्हणजे मूळ दोष ओलीचा. हे लक्षात न घेता लोक आधी मलमाच्या दुकानात जातात.

घरी आल्यावर साधं पाणी आणि साधा साबण पुरे. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक ओतायची गरज नाही, फाटलेल्या कातडीला ते आणखी जाळतं. मग पायांसाठी वेगळं ठेवलेलं जुनं सुती फडकं घ्या आणि एकेका बेचक्यातून ते ओढून काढा. एका पायाला चार, दोन्ही मिळून आठ बेचकी. घासायचं नाही, टिपायचं. नंतर पाच मिनिटं पंख्याखाली पाय पसरून बसा. पावडर लावायची तर पूर्ण सुकल्यावर आणि चिमूटभरच. ओल्या बेचक्यात टाकलेल्या पावडरीचा लगदा होतो आणि तो दिवसभर तिथेच कुजतो. बेचक्यात तेल किंवा व्हॅसलीन कधीही घालू नका.

चिखल्या झाल्याच असतील तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, पातळ थरात, दिसणाऱ्या डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत. खाज चार दिवसांत थांबते आणि तिथेच सगळे मलम बंद करतात. बुरशी मात्र कातडीच्या थरात शिल्लक असते. म्हणून कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही मलम पुढे दोन आठवडे चालू ठेवायचं. एकूण साधारण चार आठवडे धरा. तेवढ्याने हटलं नाही तर कातडीच्या डॉक्टरांकडे जा.

ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ट्यूब खाली ठेवा. ही स्टेरॉइडं आहेत. लाली आणि खाज दोन दिवसांत जाते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं, पण त्या आडून बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. आज देशभर गजकर्ण हट्टी झालं आहे, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, त्याला ही मिश्र मलमं बऱ्याच अंशी कारण आहेत. शेजारणीला लागू पडलेली ट्यूब मागून आणणं हा तर आपला आवडता उपचार!

आता चिरेतून आत काय जातं ते बघू. एक म्हणजे साधे जंतू. अचानक थंडी वाजून ताप येतो, नडगीवर लाल, गरम, दुखरी सूज चढते. अशा रुग्णाच्या पायाची बोटं फाकवून पाहिली तर बेचक्यात जुन्या चिखल्या पुष्कळदा सापडतात. तोंडावाटे किंवा शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात. पाय आधीच हत्तीरोगाने किंवा दुसऱ्या कशाने सुजलेला असेल तर दर हल्ल्यानंतर सूज वाढत जाते, त्यामुळे अशांनी बेचकी जास्तच सांभाळायला हवीत.

दुसरा लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या, गुरांच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि मऊ पडलेल्या किंवा कापलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. भाताच्या खाचरात, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत), तुंबलेल्या गटारात काम करणाऱ्यांनी गमबूट घालावेत. पण गमबुटात पाणी शिरलं की तोच पाय भिजत ठेवणारा डबा होतो. दुपारी जेवताना तो उपडा करा, पाय पुसा आणि सुके मोजे घाला. लावणीच्या दिवसांत अशा कामगारांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा देतात. ती स्वतःहून घेऊ नका, आणि गरोदर बाईने तर नाहीच. शेतात किंवा पुराच्या पाण्यात उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. रोग लवकर ओळखला जातो तो या एका वाक्यामुळे.

इथपर्यंतचं सगळं ज्याला पाय जाणवतो त्याच्यासाठी होतं. ज्याला जाणवत नाही त्याचं काय?

२०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. मधुमेह बरीच वर्षं राहिला की सर्वांत लांबच्या नसा आधी बधिर होतात, आणि शरीरात सर्वांत लांबच्या नसा पायाच्या बोटांच्या. सुरुवातीला मुंग्या, जळजळ. मग ती थांबते आणि माणूस म्हणतो, बरं वाटतंय! खरं तर जाणीव गेलेली असते. रबरी चपलेतून घुसलेला खिळा रात्री झोपताना रक्ताचा डाग दिसल्यावर कळतो.

घरच्या घरी करायची एक सोपी तपासणी सांगतो. ज्याची तपासणी करायची त्याने डोळे मिटून पाय पसरावेत. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या बोटाच्या टोकावर एक-दोन सेकंद नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श कळला की समोरच्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. एका बोटावर एकदाच, कळलं नाही म्हणून पुन्हा लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झाली असं धरून डॉक्टरांकडे जा. ते १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने आणि कंपनकाट्याने नीट तपासतील. नवरा-बायकोने एकमेकांची ही तपासणी वर्षातून एकदा करायला काय हरकत आहे?

जाणीव कमी असलेल्यांचे नियम वेगळे आहेत. पाय रोज रात्री डोळ्यांनी बघायचे, तळव्यासाठी जमिनीवर आरसा ठेवायचा. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही, आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं. गरम पाण्याची पिशवी नको. घरातही अनवाणी फिरायचं नाही. देवळात चप्पल बाहेर काढावीच लागते, मान्य, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घातली तर तळवे भाजतात आणि भाजल्याचं कळतही नाही. जाड सुती मोजे घाला, नाहीतर सकाळी लवकर जा.

आणखी एक, कारण यात फार चूक होते. मधुमेह्याचा एक पाय अचानक सुजला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, आणि दुखत फारसं नाही. ‘मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळलं जातं. आत हाडं मोडत असू शकतात. त्या पायावर वजन न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तसंच न दुखणारी जखम, काळं पडलेलं बोट, जखमेचा वास: यांत उद्यावर ढकलायचं नाही.

चपला-बुटांकडे वळू. हवाई चप्पल हे आपलं राष्ट्रीय पादत्राण, त्याची निंदा करून मला घरी जायचं नाही. न्हाणीघरात, अंगणात ती ठीक. पण ती पायात टिकावी म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आकसून धरावी लागतात, पट्टा बेचक्यात घासतो, आणि बधिर पायातून ती निसटली तरी कळत नाही. चालायला मागे पट्टा असलेली सँडल किंवा फ्लोटर बरे. बधिर पायासाठी एमसीआर रबराच्या तळाची चप्पल मिळते. मऊ पण न दबणारं हे रबर आपल्याकडे कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरत आले, तेच मधुमेह्यांना कामी येतं.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. जाताना कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढून न्या आणि बूट त्या कागदावर ठेवा. रेषा बुटाबाहेर दिसली की तो अरुंद, सेल्समन काहीही म्हणो. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्यभागी नाही. ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका.

पावसात भिजलेला बूट एका रात्रीत सुकत नाही. आतला तळ काढून वेगळा ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्यासमोर ठेवा. गॅसजवळ ठेवलात तर डिंक सुटतो आणि चामडं तडकतं. शक्य तर दोन जोड आलटून पालटून वापरा. आणि पाय घालण्याआधी आत हात घालू नका, आधी बूट उलटा करून आपटा. पावसाळ्यात आत विंचू बसलेला असू शकतो. मग बोटांनी खडा, खिळा चाचपा.

आषाढी वारीला चालत जाणाऱ्यांनी नवी पादत्राणं वारीत घालू नयेत. जिथे घासतं तिथे निघण्यापूर्वीच कागदी चिकटपट्टी लावावी, फोड आल्यावर नव्हे. फोड आला तर वरची कातडी सोलू नये, तीच सगळ्यांत चांगली पट्टी.

टाच सकाळी पलंगावरून उतरताना, पहिल्याच पावलाला ठणकते, चार पावलांनी कमी होते: हा तळव्याच्या जाड पडद्याचा ताण. हॉटेलांत, दुकानांत आठ-आठ तास टाइलवर उभं राहणाऱ्यांत नेहमीचं. क्ष-किरणात ‘हाड वाढलं’ दिसतं म्हणून घाबरू नका. तसं हाड कधीच न दुखलेल्या टाचेतही दिसतं, ते कापायची गरज सहसा पडत नाही. उतरण्याआधी पलंगावरच दुखऱ्या पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण ३० सेकंद, तीनदा. घरात मऊ तळाची चप्पल. बहुतेकांना आराम पडतो, पण आठवडे नव्हे, महिने लागतात.

भेगांना आपल्याकडे कोकम तेल आहेच. ते किंचित ऊन करून लावतात आणि ते चांगलंच आहे, फक्त एक: तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. म्हणून आंघोळीनंतर टाच टिपून, किंचित ओलसर असतानाच लावा. वर मोजे घाला, नाहीतर टाइलवर घसराल. टाच फार जाड झाली असेल तर २० ते २५ टक्के युरियाचं मलम. वजरी आठवड्यातून दोनदा, हलक्या हाताने. ब्लेड नाही.

नखं सरळ रेषेत कापा, एक-दोन मिलिमीटर पांढरा भाग ठेवून. कोपरे खोल कापले की नख मांसात रुततं आणि नखुरडं होतं. बस्स, एवढंच.

समुद्रात उतरणाऱ्यांसाठी: पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. पाणी चांगल्या पायाने किंवा हाताने आधी बघा. विष उष्णतेने निकामी होतं, दुखणं उतरतं. मग काटा आत राहिला का ते डॉक्टरांना बघू द्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी कापलेली जखम मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर घरी झाकून ठेवूच नये. खाऱ्या पाण्यातले काही जंतू काही तासांत पसरतात.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे, कुरुपाला पट्टी लावावी का. आधी ते कुरूपच आहे का बघा. वरून दाबल्यावर दुखतं ते कुरूप, दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात ती चामखीळ. कुरुपाला मूळ नसतं, ते दाबामुळे तयार होतं. अरुंद बूट बदलला नाही तर काढल्यावर पुन्हा येणारच. पट्टीत बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं, ते चांगली कातडीही तितक्याच सहजपणे खातं. मधुमेह असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर ती पट्टी अजिबात नको. इतरांनी लावायची तर आजूबाजूच्या कातडीवर व्हॅसलीन लावून, पट्टी कुरुपाएवढीच कापून, आणि दाह सुरू झाला की लगेच काढून टाकून.